कापडातील आम्लाची निरवानिरव

पांढऱ्या धोतरावर वरणाचा थेंब सांडला म्हणजे पिवळा डाग पडतो, आणि त्याच डागाला साबण लागताच तो क्षणार्धात लाल होतो, हा चमत्कार आपल्यापैकी प्रत्येक घराने पाहिलेला आहे. नवी सून तो पाहून घाबरते, आणि सासूबाई हसून सांगतात की, ‘अगं, ती हळद आहे, पाण्यात जाईल.’ हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकवाच्या निमित्ताने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यात नवल नाही. परंतु या घरगुती अनुभवातून एक मोठे तत्त्व शिकण्यासारखे आहे. ते असे की, कापडावर घातलेला कोणताही पदार्थ एक तर आंबट, म्हणजे आम्ल असतो, किंवा त्याच्या उलट, म्हणजे अल्कली असतो, किंवा यांपैकी काहीच नसतो. आणि कापडाचे आयुष्य पुष्कळ अंशी त्यात शेवटी यांपैकी काय शिल्लक राहिले यावर अवलंबून असते.

डाग कसे काढावेत याविषयी सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. लोखंडी ट्रंकेच्या गंजाचा डाग लिंबू-मिठाने काढावा, हट्टी डागास ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लावावे, रेशमाच्या शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घालावे, हे सर्वजण सांगतात. परंतु डाग निघून गेल्यावर जो डाग काढणारा पदार्थ कापडात मागे राहतो, त्याची वाट काय लावावी, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. आजचा विषय हाच आहे, आणि तो क्षुल्लक नव्हे. गंज काढलेले धोतर त्या दिवशी दुधासारखे शुभ्र दिसते. घडी घालून कपाटात जाते. आणि चार-सहा महिन्यांनी श्रावणीसाठी बाहेर काढावे तो नेमक्या डागाच्या जागी बोट आरपार जाते. मग दोष कोणाला? कधी परटाला, कधी गिरणीच्या सुताला, आणि एकत्र कुटुंबात पुष्कळदा ज्या सुनेने ते शेवटचे धुतले तिला! वस्तुतः दोष असतो तो कापडात राहिलेल्या चिमूटभर आम्लाचा.

हे आम्ल करते काय, ते आधी पाहू. कापूस आणि जवस यांचे तंतू सेल्युलोज नावाच्या द्रव्याचे असतात. या द्रव्याचे कण एकापुढे एक गुंफून लांबच लांब साखळी झालेली असते, आणि सुताचे बळ ते या साखळीच्या लांबीचेच बळ होय. आम्ल या साखळीच्या कड्या मधूनमधून तोडते. ओल्या कापडात आम्ल पातळ असते तोवर हे काम सावकाश चालते. परंतु कापड वाळू लागले म्हणजे पाणी उडून जाते आणि ऑक्झॅलिक, सायट्रिक किंवा गंधकाम्ल यांसारखी न उडणारी आम्ले मात्र मागे राहून घट्ट होत जातात. त्यावर कडक ऊन किंवा गरम इस्त्री मिळाली की तोडण्याचे काम भरधाव होते. म्हणून आम्लाचे खरे नुकसान बादलीत होत नाही, दोरीवर होते.

याचा पुरावा पाहावयाचा असेल तर लोकरीच्या कारखान्यात पाहावा. मेंढीच्या लोकरीत काटे, गवत, कुसळे अडकलेली असतात, आणि ती एकेक वेचणे अशक्य असते. यास्तव ती लोकर पातळ गंधकाम्लात भिजवून, पिळून, वाळवून तापवतात. तेणेकरून गवताकाड्यांचे सेल्युलोज काळे व ठिसूळ होते आणि रुळांखाली दाबताच त्याचा भुगा उडून जातो. लोकर मात्र शाबूत राहते, कारण ती प्रथिनाची बनलेली आहे. नंतर तिच्यातील आम्ल सोड्याच्या पाण्याने मारून ती स्वच्छ धुतात. गवताची जी गत कारखान्यात मुद्दाम केली जाते, तीच गत आपण घरात नकळत धोतराची करीत असतो. कापूस आणि गवत ही एकाच गोत्रातली!

आम्लाचा आणि कापडाचा संबंध काही आजकालचा नाही. युरोपात हॉलंड व स्कॉटलंड या देशांत अठराव्या शतकापर्यंत तागाचे, म्हणजे जवसाच्या धाग्याचे कापड पांढरे करण्याची रीत अशी होती की, ते राखेच्या अल्कली पाण्यात उकळावयाचे, हिरवळीवर उन्हात पसरावयाचे आणि मग आंबट ताकात बुडवून ठेवावयाचे. आपल्याकडील सुगृहिणीला ताकाचा असा व्यय ऐकून हळहळ वाटेल. परंतु राखेचा उरलेला अंश मारण्यास त्यांच्याजवळ तेच आम्ल होते. एकट्या ताकाच्या कामाला आठवडेच्या आठवडे लागत. इ. स. १७४६ मध्ये जॉन रोबक याने बर्मिंगहॅम येथे शिशाच्या खोल्यांत गंधकाम्ल स्वस्तात बनविण्यास आरंभ केला, आणि १७५६ मध्ये एडिंबरोचे वैद्य फ्रान्सिस होम यांनी विरंजनावर पुस्तक लिहून ताकाऐवजी अतिशय पातळ केलेले गंधकाम्ल वापरावे असे सुचविले. आठवड्यांचे काम तासांवर आले. परंतु ताक राहून गेले तर फारसे बिघडत नव्हते, गंधकाम्ल राहून गेले तर कापडच जाई. म्हणजे औषध जितके जलद, तितकी त्याची निरवानिरव अधिक काटेकोर करावी लागली. घरातही न्याय हाच आहे.

आता मुख्य प्रश्न. आम्ल मारण्यास काय घालावे? बहुतेकजण चटकन्‌ उत्तर देतील की, ‘सोडा घालावा.’ आमचे म्हणणे असे आहे की, आधी पाणी घालावे, मग पाणी घालावे, पुन्हा पाणी घालावे, आणि मग सोड्याचा विचार करावा. हे बोलणे विनोदाचे वाटेल. म्हणून हिशेबच मांडून दाखवितो.

समजा, एका लिटर पाण्यात १० ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड घालून त्यात धोतर बुडविले. पिळल्यावर धोतरात अर्धा लिटर पाणी राहिले, म्हणजे ५ ग्रॅम आम्ल राहिले. आता ते ५ लिटर स्वच्छ पाण्यात खळबळून पुन्हा तसेच पिळले, तर साडेपाच लिटरांपैकी अर्धा लिटरच कापडात राहतो, अर्थात आम्लाचा अकरावा हिस्सा राहतो. दुसऱ्या पाण्यात त्याचा अकरावा हिस्सा, तिसऱ्यात त्याचाही अकरावा. तीन पाण्यांनंतर मूळच्या आम्लाचा एक हजार तीनशे एकतिसावा भाग, म्हणजे जेमतेम ४ मिलिग्रॅम, उरतो. आता हेच १५ लिटर पाणी एकदम एका मोठ्या घंगाळात घेऊन धोतर एकदाच खळबळले असते तर? एकतिसावा भाग उरला असता, म्हणजे सुमारे १६० मिलिग्रॅम. पाणी तेच, श्रम थोडे अधिक, परंतु फळ चाळीस पटींहून अधिक. दुष्काळी मुलखातील गृहिणींनी हा हिशेब विशेष ध्यानात ठेवावा. पाणी थोडे, फेरे अधिक, आणि प्रत्येक फेऱ्याला घट्ट पिळणे, हेच यातील मर्म होय.

या हिशेबाचा दुसरा अर्धा भाग त्याहूनही बोधप्रद आहे. उरलेले ४ मिलिग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड मारण्यास खाण्याचा सोडा लागतो अवघा ५ मिलिग्रॅमच्या आसपास. चिमटीतही न येणारा. आपण मात्र ५ लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, टाकतो. पिळल्यावर त्यातील साडेचारशे मिलिग्रॅम सोडा धोतरात राहतो. म्हणजे शत्रू जितका होता त्याच्या ऐंशी पटींहून अधिक मित्र घरात येऊन बसला! सोड्यानंतर कापड तसेच वाळत घातले तर जो पांढरट कण बोटांना लागतो, तो हाच पाहुणा. त्यालाही निरोप द्यावा लागतो. आणि आणखी दोन पाण्यांतून काढले म्हणजे तोही ४ मिलिग्रॅमपर्यंत खाली येतो. यावरून क्रम ठरला तो असा: तीन पाणी, एक सोडा, दोन पाणी.

कोणी म्हणेल, पाण्याने जर एवढे काम होते, तर सोडा हवाच कशाला? शंका रास्त आहे. काठ, दुहेरी शिवण, दुमडलेली किनार अशा जाड जागी पाणी पुरते खेळत नाही आणि तेथे आम्ल दडून बसते. तेवढ्यासाठी सोड्याच्या पाण्यात कापड दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ ठेवावे. तो पहारेकरी आहे, सेनापती नव्हे.

सोडा कोणता घ्यावा, यातही विवेक हवा. खाण्याचा सोडा सौम्य असतो. तो थोडा जास्त झाला तरी पाणी फारसे अल्कली होत नाही. आम्लता मोजण्याची जी पीएच नावाची मोजपट्टी आहे, ती डेन्मार्कच्या सोरेन्सेन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करीत असता मांडली. तिच्यावर सात हा आकडा मध्य होय आणि प्रत्येक घराला दहा पटींचा फरक असतो. खाण्याच्या सोड्याचे पाणी आठाच्या थोडे वर राहते; धुण्याच्या सोड्याचे अकराच्या आसपास जाते. दिसावयास तीन घरांचाच फरक, परंतु जवळजवळ हजार पटींचा! म्हणून धुण्याचा सोडा या कामी वापरू नये. सुती कापडात तो राहिला तर इस्त्रीखाली पिवळेपणा येतो, आणि लोकर-रेशमाचा तर तो वैरीच होय.

आता जे करू नये ते सांगतो, कारण कापडावर थर बसतो तो बहुधा याच चुकांमुळे.

पहिली गोष्ट, आम्लाच्या कापडाला लगेच साबणाची वडी लावू नये. साबण हा तेलाचे आम्ल आणि सोडा यांच्या संयोगाने झालेला असतो. कापडातील आम्ल सोड्याला आपल्याकडे ओढून घेते आणि तेलाचे आम्ल सुटे होऊन चिकट, तुपकट थराच्या रूपाने धाग्यावर बसते. ते पाण्याने निघत नाही. साबण लावावयाचाच असेल तर सारी पाणी होऊन गेल्यावर लावावा.

दुसरी गोष्ट, चुन्याची निवळी वापरू नये. चुना आम्ल मारतो हे खरे; परंतु मारल्यावर जे लवण तयार होते ते पाण्यात विरघळले पाहिजे, हे कोण पाहणार? ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आणि चुना यांपासून कॅल्शियम ऑक्झॅलेट होते, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. हे द्रव्य आपल्या ओळखीचे आहे. अळूची भाजी नीट शिजली नाही म्हणजे घशाला जी खाज सुटते, ती अळूतील याच द्रव्याच्या सूक्ष्म सुयांमुळे. त्या सुया पोटात नकोत, तशा धोतरातही नकोत. ज्या गावी विहिरीच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, त्या पाण्यात चुन्याचा अंश मूळचाच असतो. तेथे ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचे द्रावण आणि पहिले धुणे ही दोन्ही पावसाच्या किंवा गाळणी-यंत्राच्या मऊ पाण्याने करावीत. बहुतेक आम्ल त्या पहिल्या पाण्यातच निघून जाते. पुढची पाणी विहिरीची चालतील.

तिसरी गोष्ट, व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतण्याची जी रीत अलीकडे फार बोकाळली आहे, तिच्या फसफसण्यावर भुलू नये. तो फेस म्हणजे कर्बवायू होय. फसफसून झाल्यावर आम्लही संपते, सोडाही संपतो, आणि उरते ते एका निरुपद्रवी व निरुपयोगी लवणाचे पाणी. उलटपक्षी, फेस आला नाही म्हणजे आम्ल नाही, असेही समजू नये. द्रावण पातळ असले की वायू पाण्यातच विरून जातो; डोळ्यांना काहीच दिसत नाही.

मग कळावे कसे? येथे देवघराजवळची जास्वंद कामास येते. तांबड्या जास्वंदीच्या पाच-सहा पाकळ्या कपभर गरम पाण्यात पंधरा मिनिटे ठेवून गाळून घ्याव्यात. तीन काचेचे पेले घ्यावेत. एकात घरचे साधे पाणी, दुसऱ्यात धोतराचे शेवटी पिळलेले पाणी, तिसऱ्यात लिंबाचे दोन थेंब घातलेले पाणी. प्रत्येकात जास्वंदीचे पाणी एकेक चमचा घालावे. लिंबाचा पेला गडद गुलाबी होईल. दुसरा पेला पहिल्यासारखा दिसला तर काम झाले. तो गुलाबीकडे झुकला तर आम्ल आहे. हिरव्याकडे झुकला तर सोडा जास्त राहिला आहे. साध्या पाण्याचा पेला मात्र अवश्य ठेवावा, कारण गावोगावचे पाणी मुळातच निरनिराळे असते, आणि तुलना आपल्या पाण्याशीच करावयाची आहे. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना हे काम सोपवावे. पुस्तकातील धडा त्यांना आजीच्या न्हाणीघरात भेटेल आणि तो ते विसरणार नाहीत.

रेशीम आणि लोकर यांचा न्याय निराळा आहे. ती प्रथिने असल्यामुळे सौम्य आम्ल त्यांना मानवते आणि अल्कलीने त्यांचा नाश होतो. आपल्या आज्या रेशमी वस्त्राला रिठा लावीत, सोडा लावीत नसत, त्यात हेच शहाणपण होते. रेशमाची जी सुखद सळसळ असते, ती सौम्य आम्लाचा हात फिरविल्याने अधिक खुलते. म्हणून शेवटच्या पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर घातले असेल तर ते सोड्याने मारण्याच्या भरीस पडू नये. एकदा साध्या पाण्यातून काढून सावलीत वाऱ्यावर वाळवावे. व्हिनेगरातील आम्ल उडून जाणारे आहे. ते आपल्या पायांनी आले तसे आपल्या पायांनी जाते. लिंबाचे तसे नाही. लिंबाच्या रसाने कागदावर अदृश्य अक्षरे लिहून ती दिव्यावर धरली की तपकिरी होऊन उमटतात, हा मुलांचा खेळ आठवावा. रस न धुता इस्त्री केलेल्या कापडावर तोच खेळ होतो, आणि तो पुसता येत नाही.

जरीच्या पदराला मात्र यांपैकी काहीही लावू नये. खऱ्या जरीत चांदीची तार असते, हलक्या जरीत तांब्याची. लिंबू आणि मीठ मिळून दोन्ही खातात आणि काळी-हिरवी कड उमटते. पैठणीवर गंज उतरला असेल तर ती जाणत्या माणसाकडे द्यावी, हे उत्तम. रंगीत सुती कापडावरही प्रथम आतल्या कडेवर थेंबभर लावून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विषारी आहे, ही गोष्ट घरातील सर्वांना माहीत असावी. त्याची पुडी स्वयंपाकघरात ठेवू नये. तिच्यावर नाव लिहावे. साखर किंवा मीठ समजून कोणी उचलील अशा बरणीत ती भरू नये. हातमोजे घालावेत. भांडे काचेचे, चिनी मातीचे किंवा प्लॅस्टिकचे असावे, आणि ते पुन्हा खाण्याच्या कामी आणू नये. संडास धुण्याचे तेजाब कापडाच्या डागाला कधीही लावू नये. आणि आम्ल कोणतेही असो, ते ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम विरंजकाशी एका बादलीत येऊ देऊ नये, कारण त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. न्हाणीघर लहान आणि दार बंद असले तर तो जिवावर बेतू शकतो. अंगावर आम्ल उडालेच तर सोडा शोधीत बसू नये. वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे धरावे. शरीराच्या बाबतीतही पहिले औषध पाणीच आहे.

कपडे धुण्याचे यंत्र ज्यांच्या घरी आहे, त्यांनी डागाचे वस्त्र आधी हाताने तीन पाण्यांतून काढून मगच यंत्रात टाकावे. नाहीतर त्यातील आम्ल इतर कपड्यांवर पसरते आणि साबणाशी भांडते. यंत्र मळ काढण्यास समर्थ आहे, परंतु आपण त्यात काय घालून ठेवले आहे हे त्याला कोण सांगणार?

एकत्र कुटुंबात वस्त्र एकाचे नसते. आजोबांचे उपरणे नातवाच्या मुंजीत निघते, थोरल्या जावेचा शेला धाकटीच्या डोहाळजेवणात मिरवतो. असे वस्त्र डागाने जात नाही. डागासह ते आणखी वीस वर्षे टिकेल. ते जाते डाग काढण्याच्या घाईने. यासाठी आमचे सांगणे एवढेच की, डाग निघाला म्हणजे काम अर्धे झाले असे समजावे. उरलेले अर्धे काम शेवटच्या दोन बादल्यांत आहे, आणि त्या बादल्या कंटाळा न करता भरणारा हातच त्या वस्त्राचे आयुष्य वाढवितो.